दोनदा दुर्बीण झाली, आता परत नाकातून नळी कशाला?

जिंतूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. वय ४१. तीन वर्षांपासून छातीत जळजळ, करपट ढेकरा, सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मेडिकलवरून सुरू झालेली ॲसिडिटीची गोळी पॅन-डी अजून चालूच आहे. घेतली तर निम्मं बरं वाटतं, सोडली की दुप्पट त्रास. दुर्बीण दोनदा झाली, दोन्ही रिपोर्टांत ‘ग्रेड ए’ आणि ‘लॅक्स एलईएस’ (अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू सैल) लिहिलंय. एका सर्जननी सांगितलं, व्हॉल्व्ह ढिला आहे, लॅप्रोस्कोपीनं आवळून टाकू. दुसरे डॉक्टर म्हणाले, थांबा, आधी मॅनोमेट्री आणि २४ तासांची पीएच तपासणी करा. सर विचारतात: “दोनदा आतून बघून झालं, मग नाकातून नळी घालून नवीन काय दिसणार? का नुसता खर्च वाढवायचा प्रकार आहे?”

सर, शंका रास्त आहे. मी संभाजीनगरात पोटविकाराची प्रॅक्टिस करतो आणि या नळ्या स्वतः टाकतो, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशोबानंच वाचा.

मला तुमच्या प्रश्नात नळीपेक्षा वेगळीच गोष्ट दिसते. तुमचा त्रास जठरातलं आम्ल वर आल्यामुळेच होतोय, हे आजवर कोणी सिद्ध केलंय का? तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टांवरून तरी नाही. तीन वर्षं गोळी चालली ती अंदाजावर, आणि आता ऑपरेशनही त्याच अंदाजावर ठरतंय. अंदाजावर गोळी देता येते, मीही देतो. अंदाजावर कोणाचं पोट उघडू नये.

आधी हे सांगतो की जळजळ होणाऱ्या बहुतेकांना या तपासणीची गरज नसते. तरुण माणूस, जेवणानंतर जळजळ, वाकलं की आंबट पाणी तोंडात, गिळायला त्रास नाही, वजन उतरलेलं नाही, अशाला आम्ही चार ते आठ आठवडे गोळी देतो, रात्रीचं जेवण लवकर करायला सांगतो, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. ज्यांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीतून मोठ्या जखमा दिसल्या त्यांनाही निदानासाठी नळीची गरज नाही, पुरावा समोरच असतो. नळी लागते ती मधल्या लोकांना. गोळीनं धड बरं नाही, दुर्बिणीत धड काही नाही, आणि पुढचा निर्णय मात्र मोठा आहे. तुम्ही नेमके तिथे उभे आहात.

आता तुमच्या रिपोर्टातल्या त्या दोन शब्दांकडे येऊ. ‘ग्रेड ए’ ही अन्ननलिकेच्या जखमांची सगळ्यात खालची पायरी. ए म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लांब नसलेला ओरखडा. बी म्हणजे त्याहून लांब. सी आणि डी म्हणजे आतल्या अस्तराच्या एका घडीवरून दुसऱ्या घडीवर पसरलेल्या जखमा, डीमध्ये अन्ननलिकेचा किमान पाऊण घेर सोललेला असतो. ए दिसला म्हणजे आम्लाचा आजार सिद्ध झाला असं कोणी धरत नाही, कारण काहीच त्रास नसलेल्या माणसातही तो सापडतो आणि बघणाऱ्या दोन डॉक्टरांचं त्यावर एकमत होईलच असं नाही. जगभरचे अन्ननलिकेचे तज्ज्ञ ज्या ‘ल्योन सहमती’वर चालतात, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत फक्त सी आणि डी हा पक्का पुरावा मानला होता, पुढच्या सुधारित आवृत्तीत बी आला. ए अजूनही बाहेरच आहे.

इथे एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. दुर्बिणीच्या वेळी गोळी चालू होती का? चालू असेल तर जखमा भरलेल्या असू शकतात, आणि आज ‘ए’ दिसणारं दोन-चार आठवडे गोळी बंद ठेवून बघितलं तर ‘बी’ निघू शकतं. रिपोर्टावर हे कोणी लिहीत नाही. म्हणून मी पेशंटला पहिला प्रश्न तोच विचारतो.

‘लॅक्स एलईएस’चं मात्र मला फार कौतुक नाही. आपल्याकडे निम्म्या रिपोर्टांवर ते शब्द असतात आणि घरी जाईपर्यंत त्याचं ‘व्हॉल्व्ह खराब झालाय’ होतं. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूचा कडा किती दाबानं मिटतो हे दुर्बिणीतून नुसतं बघून सांगता येत नाही. आम्ही आत हवा भरलेली असते, पेशंट उमाळे देत असतो, त्या घडीला तो कडा उघडा दिसला तर त्याला ढिला म्हणून मोकळं होतात. शिवाय आम्ल वर येतं ते बहुतेक वेळा कडा कायमचा ढिला असल्यामुळे नाहीच. जठर फुगलं की तो कडा काही सेकंद आपोआप सैल पडतो, हवा बाहेर जावी म्हणून. ते तुमच्यातही होतं, माझ्यातही होतं. त्या सैल पडण्यात हवेबरोबर आम्ल किती येतं, किती वेळ थांबतं आणि त्याच वेळी तुम्हाला जळजळतं का, यावर आजार ठरतो. हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकणं, मोठा असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या रिपोर्टात तसा उल्लेख नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर दुर्बीण म्हणजे सकाळी रानात जाऊन बांध कुठे खचलाय ते बघणं. रात्रीच्या लाईटीत पाणी बांधावरून किती वेळा गेलं, हे बघायचं तर रात्रभर बांधावर थांबावं लागतं. ते थांबणं म्हणजे २४ तासांची नळी.

गोळीबद्दलही दोन शब्द. “घेतली की बरं, सोडली की दुप्पट” याचा अर्थ लोक असा लावतात की आजार पक्का आहे. तसं नसतं. ही गोळी बरेच दिवस घेऊन एकदम सोडली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त आम्ल करतं. काहीच त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे गोळी देऊन बंद केली, तर त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना जळजळ सुरू झाली, असा प्रयोग झालेला आहे. म्हणजे सोडल्यावरची जळजळ गोळीचीच देणगी असू शकते. आणि “निम्मं बरं” हाही पुरावा नाही. ज्यांना आम्लाचा आजार नाही असं तपासणीत सिद्ध झालं, त्यांच्यातही कितीतरी जणांना गोळीनं थोडंफार बरं वाटतं.

गोळी कशी घेता तेही सांगा. आपल्याकडे जेवण झाल्यावर, झोपताना, नाहीतर जळजळ सुरू झाल्यावर घेतात. ती उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, कारण जठरातले आम्लाचे पंप खाण्यानं जागे होतात आणि जागे झालेलेच पंप ही गोळी बंद करू शकते. पहाटे पाचला चहा, अकराला डबा आणि गोळी मध्ये केव्हातरी, असं चाललं असेल तर “गोळीचा फरक पडत नाही” या वाक्याला अर्थ उरत नाही. निम्म्या लोकांची नळी मी एवढ्यावरच पुढे ढकलतो. आधी महिनाभर नीट वेळेवर घ्या, मग बोलू.

आता त्या दोन तपासण्या. नावं एका दमात घेतात म्हणून लोकांना एकच वाटतात, पण कामं वेगळी आहेत.

मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेचा दाब मोजणं. नाकात बधिरतेची जेली लावून साधारण चार मिलिमीटर जाडीची नळी जठरापर्यंत सरकवतात. नव्या नळीवर दर सेंटिमीटरला एक असे छत्तीसपर्यंत सेन्सर असतात. मग तुम्हाला पाच-पाच मिली पाण्याचे दहा घोट द्यायचे, मधून भराभर गिळायला लावायचं, उठून बसवून एक भांडं पाणी प्यायला लावायचं. पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो: घोट वरून खाली कसा सरकला, अन्ननलिकेनं किती जोर लावला, आणि खालचा कडा वेळेवर उघडला का. अर्ध्या तासात संपतं. भूल नसते, कारण तुम्ही जागे राहून गिळायला हवं. नळी घशातून उतरते तेव्हा उमाळा येतो, डोळ्यांत पाणी येतं. दुखत नाही, पण सुखाचंही नाही.

ही तपासणी आम्लाचा आजार दाखवत नाही, हे नीट लक्षात ठेवा. मॅनोमेट्रीचा रिपोर्ट हातात घेऊन “ॲसिडिटी निघाली का?” असं विचारणारे रोज भेटतात. ती दोन कामांसाठी असते. एक तर पीएचची नळी कुठे ठेवायची ते ठरवायला. तिचा सेन्सर त्या कड्याच्या वरच्या काठापासून बरोबर ५ सेंटिमीटर वर लागतो. जागा अंदाजानं धरली आणि सेन्सर खाली घसरला, तर जठरातलंच आम्ल मोजलं जाईल आणि धडधाकट माणूस आजारी ठरेल.

दुसरं काम जास्त मोलाचं आहे. जळजळीसारखाच दिसणारा पण पार उलटा आजार वेगळा काढणं. त्याला अकॅलेशिया म्हणतात. त्यात कडा ढिला नसतो, उघडतच नाही. अन्न वरच तुंबतं, तिथे आंबतं, छातीत जळजळतं, रात्री तोंडात परत येतं. अंबड भागातल्या एक बाई माझ्याकडे अशाच आल्या होत्या. कित्येक वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या, काढे, सोडा. त्यांच्या सुनेनं सहज एक गोष्ट सांगितली: सासूबाई जेवताना भाकरीच्या प्रत्येक घासावर पाणी पितात, मधेच उठून छाती ताणून उभ्या राहतात, आणि सकाळी उशीवर रात्रीचा भात असतो. भात पचलेला नव्हता, जसाच्या तसा होता. तो जठरापर्यंत गेलेलाच नव्हता. मॅनोमेट्रीत गिळताना कड्याचा दाब उतरतच नव्हता. १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत यायला हवा होता, त्याच्या कितीतरी वर होता. त्यांना दुर्बिणीतून तो स्नायू कापायची प्रक्रिया करावी लागली, तिला पोएम म्हणतात. अशा पेशंटचा व्हॉल्व्ह कोणी ‘आवळून’ दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. म्हणून ऑपरेशनआधी मॅनोमेट्री नको म्हणणाऱ्या सर्जनकडे मी पेशंट पाठवत नाही. चांगले सर्जन ती स्वतःच मागतात. अन्ननलिकेचा जोर फार कमी असेल तर ऑपरेशनमध्ये जठराचा भाग तिच्याभोवती पूर्ण गुंडाळायचा का अर्धवट, हेही त्यावरच ठरतं.

सर, तुम्हाला कोरडी भाकर गिळताना अडकते का? पाणीसुद्धा कधी अडकतं का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा. अडकत असेल तर जवळच्या शहरात बेरियम पिऊन एक्स-रे काढला तरी बराच अंदाज येतो, तो जालना, परभणीतही होईल. तरुण माणसाला घास अडकत असेल तर दुर्बिणीच्या वेळी अन्ननलिकेचे किमान सहा छोटे तुकडे तपासायला घेतले होते का तेही विचारा. ॲलर्जीसारख्या सुजेचा एक आजार डोळ्यांना दिसेलच असं नाही, तुकड्यात सापडतो.

आता २४ तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी. ही नळी बारीक असते, दोन मिलिमीटरच्या आसपास. नाकातून घालून गालावर चिकटपट्टीनं बसवतात, दुसरं टोक कमरेच्या छोट्या यंत्राला. पीएचचा सेन्सर आम्ल मोजतो: पीएच ४ च्या खाली गेला की आम्ल वर आलं असं धरतात. नळीवरच्या धातूच्या कड्यांमधून अगदी सूक्ष्म विजेचा प्रवाह सोडून त्याला होणारा अडथळाही मोजतात, त्यालाच इम्पिडन्स म्हणतात. पाणी आलं की अडथळा कमी होतो, हवा आली की वाढतो. त्यामुळे आत काय हललं, ते पातळ होतं का हवा, वरून खाली गेलं का खालून वर आलं, हे सगळं कळतं. नुसत्या पीएचच्या नळीला हे जमत नाही. तुमच्या तक्रारीत ढेकरा आहेत, म्हणून तुम्ही इम्पिडन्स असलेलीच करा.

आकडे असे वाचायचे. दिवसभरातल्या एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ अन्ननलिकेत आम्ल होतं, हा मुख्य आकडा. ४ टक्क्यांच्या आत म्हणजे नॉर्मल. २४ तासांत साधारण ५८ मिनिटं. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांच्या पुढे गेलं की आजार पक्का. मधलं सगळं संदिग्ध, तिथे बाकीच्या गोष्टी बघून ठरवायचं. किती वेळा वर आलं तोही आकडा असतो: ४० च्या आत ठीक, ८० च्या वर जास्त. रिपोर्टात ‘डीमीस्टर स्कोअर’ लिहिलेला असेल, १४.७ च्या वर गेला की ठळक अक्षरात छापतात. हा १९७४ सालचा जुना हिशोब आहे. वाईट नाही, पण त्या एका ठळक आकड्यावर ऑपरेशन ठरवू नका.

माझ्या लेखी मात्र आकड्यांइतकंच महत्त्व बटणाचं आहे. यंत्रावर बटण असतं, त्रास झाला की दाबायचं. नंतर आम्ही बघतो की बटण दाबायच्या आधीच्या दोन मिनिटांत आत काही वर आलं होतं का. निम्म्याहून जास्त वेळा आलं असेल तर त्रासाचा आणि आम्लाचा संबंध आहे. बटण वीसदा दाबलं आणि आत शांतता, तर संबंध नाही. लोक बटण दाबायला लाजतात, किंवा “एवढ्याशा गोष्टीला काय दाबायचं” म्हणून सोडून देतात. दाबत जा.

दुसरी गंमत म्हणजे नळी लागली की माणूस एकदम शहाण्यासारखं वागायला लागतो. तिखट बंद, चहा बंद, रात्री नुसता वरण-भात, नाहीतर उपासच, आणि दिवसभर लॉजच्या खोलीत सरळ बसून. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल! जे खाल्ल्यावर त्रास होतो तेच खा. ठेचा-भाकर खा, येसराची आमटी खा, रात्री उशिरा जेवायची सवय असेल तर उशिरा जेवा आणि लगेच आडवे व्हा. जेवण कधी सुरू, कधी संपलं, आडवे कधी झालात, हे यंत्राच्या घड्याळाप्रमाणे लिहा, मोबाइलच्या नाही. दिवसभर घोट-घोट ताक, लिंबूपाणी किंवा चिंचेचं सार पीत बसू नका, कारण पीएचच्या सेन्सरला ते वरून आलं का खालून हे कळत नाही. चहा घेतला तर जेवणासारखी नोंद करा. आंघोळ त्या दिवशी नाही.

ढेकरांवर जरा जास्त लिहितो, कारण तुमचं अर्धं उत्तर त्यात असू शकतं. आपल्या भागात एक दृश्य सगळ्यांनी पाहिलंय: माणूस पाठ दाबतो, पोटरी दाबतो, आणि दाबलं की भक्कन ढेकर येते. घरचे म्हणतात, “यांच्या अंगात सगळीकडं गॅस आहे.” पोटरीत गॅस नसतो. असा माणूस नकळत घशातून हवा आत ओढतो आणि ती जठरापर्यंत पोचायच्या आत, सेकंदभरात, बाहेर टाकतो. इम्पिडन्सच्या आलेखावर हे स्पष्ट दिसतं: हवेची खूण आधी वरच्या कडीवर, मग खाली, आणि लगेच उलट. जेवणानंतरच्या खऱ्या ढेकरेत हवा खालून वर येते. वरवरच्या ढेकरेची आणखी एक ओळख म्हणजे माणूस झोपला की ती थांबते, बोलण्यात रमला तरी थांबते. सर, तास घेताना तुम्हाला ढेकरा येतात का, आणि स्टाफरूममध्ये बसल्यावर येतात का, एवढं दोन दिवस बघा. शंभर रुपयांचीही तपासणी न करता मला त्यावरून बरंच कळेल.

अशा ढेकरा आम्लही वर ओढून आणतात, म्हणजे जळजळ खरी असते, पण मूळ जठरात नसतं. यावर गोळीचा उपयोग होत नाही, ऑपरेशननं तर पंचाईत होते. उपयोग होतो तो पोटानं श्वास घ्यायच्या सरावाचा: एक हात छातीवर, एक पोटावर, तोंड थोडं उघडं ठेवून सावकाश असा श्वास की फक्त पोटावरचा हात हलेल. जेवणानंतर दहा मिनिटं आणि ढेकर येतेय असं वाटेल तेव्हा. हे सांगितलं की पेशंटचा चेहरा पडतो. एवढ्या लांबून आलो आणि डॉक्टरनं श्वास घ्यायला सांगितला! पण नेमानं करणाऱ्यांचा फरक मी बघतो.

तपासणी कशी निघाली त्यावर पुढची वाट बदलते. आम्ल खरंच जास्त निघालं आणि गिळण्याची हालचाल ठीक असेल, तर आजार सिद्ध झाला. मग गोळी नीट मात्रेत, नीट वेळेला, वजन जास्त असेल तर उतरवणं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंच विटा, डाव्या कुशीवर झोपणं, तंबाखू बंद. आणि हो, त्या परिस्थितीत ऑपरेशन हाही रास्त पर्याय आहे, विशेषतः आंबट पाणी वर येणं हा मुख्य त्रास असेल आणि जन्मभर गोळी नको असेल तर. तेव्हा तुमच्या सर्जनचं म्हणणं चूक निघेलच असं मी म्हणत नाही. पुरावा हातात आला की त्यांच्याकडेच परत जा.

आम्ल नॉर्मल निघालं, पण तुम्ही बटण दाबलं तेव्हा बहुतेक वेळा आत काही वर आलेलं होतं, तर तुमची अन्ननलिका हळवी झाली आहे. नेहमीचं, सगळ्यांना येतं तेवढंच आम्ल तिला झोंबतं. आम्ल नॉर्मल आणि बटणाचाही संबंध नाही, तर ती जळजळ नसांच्या संवेदनेची आहे. या दोन्हीत आम्ही अमिट्रिप्टिलीनसारखं औषध अगदी कमी मात्रेत, रात्री देतो. ते मूळचं नैराश्याचं औषध आहे, आणि मेडिकलवाल्यानं तसं सांगितलं की लोक घरी येऊन पाकीट फेकून देतात. डोक्याचं औषध दिलं म्हणून डॉक्टरनं वेडं ठरवलं असं होत नाही. नसांचा आवाज कमी करायला ते देतात. या लोकांनी ऑपरेशन मात्र करू नये. केलं तर जळजळ तशीच राहू शकते, वर ढेकर येणंही अवघड होऊन पोट फुगून बसू शकतं.

घशात अडकल्यासारखं वाटणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ती तक्रार आम्लामुळे असण्याची शक्यता जळजळीपेक्षा कमी धरा. छातीची जळजळ गेली तरी घसा तसाच राहू शकतो, त्यासाठी आधी कान-नाक-घसावाल्यांना एकदा दाखवा. आणि छातीतली जळजळ जिना चढताना, भरभर चालताना होत असेल, थांबलं की कमी होत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करून घ्या. ४१ हे वय त्यासाठी लहान नाही. वजन उतरणं, काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, यातलं काही असेल तरी नळीची वाट बघायची नाही, थेट डॉक्टरांकडे.

तयारीचं सांगतो. तुमचा आजार अजून सिद्ध नाही, म्हणून तपासणी गोळी बंद ठेवून करायची. पॅन-डी सात दिवस आधी बंद. फॅमोटिडिनसारख्या गोळ्या तीन दिवस आधी. त्या आठवड्यात जळजळ वाढेल, वर लिहिलेल्या कारणानं. तेव्हा अँटासिडचं पातळ औषध घेता येतं, तपासणीच्या आदल्या दिवशी तेही थांबवायचं. पॅन-डीमधला ‘डी’ म्हणजे डोमपेरिडोन, तो जठर आणि वरच्या आतड्यांची हालचाल वाढवतो, म्हणून मॅनोमेट्रीसाठीही तो बंद हवा. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. काही गोळ्या अन्ननलिकेचा स्नायू सैल करतात, म्हणून यादी आधी पाठवा आणि डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, नाकाचं हाड वाकडं असेल, नाकातून रक्त यायची सवय असेल, तर तेही आधीच सांगा. सकाळी सहा तास उपाशीपोटी यायचं.

कुठे करायची हे तुमच्या सोयीवर आहे. दुर्बीण आता तालुक्यालाही होते, पण ही यंत्रं मोठ्या शहरांतच असतात. तुमच्याकडची माणसं मंठा-जालन्यावरून संभाजीनगरला येतात, नांदेडकडची हैदराबादला जातात, लातूरची पुण्याला. खर्च दवाखान्यागणिक इतका बदलतो की आकडा लिहीत नाही, फोनवरच विचारा. विचारताना दोन प्रश्न आणखी घाला. नळी इम्पिडन्सची आहे का नुसती पीएचची? आणि आलेख कोण वाचतं: डॉक्टर स्वतः बघतात, का यंत्रानं काढलेला छापील रिपोर्टच हातात देतात? यंत्र ढेकरेला आम्ल समजतं, जेवणाला आम्ल समजतं, ते माणसानं बसून दुरुस्त करावं लागतं. रात्रीचा मुक्काम आहेच, तर नातेवाइकांकडे राहा, लॉजपेक्षा तिथे जेवण नेहमीसारखं होईल. आणि शाळेची रजा वाचवायला शनिवारी नळी लावून घेणार असाल, तर रविवारी ती काढायला आणि यंत्र परत घ्यायला कोणी असतं का, तेवढं आधी विचारून ठेवा.